चहाला रोजचा पाला: तुळस की गवती चहा?

घरच्याच पाल्याचा चहा प्यायचा म्हटलं की गोव्यात आधी दोन नावं निघतात. दोन्ही आमच्या घरी आहेत, दोन्ही बरीच वर्षं पिऊन झालीत. औषधी गुणांची यादी तुम्हाला पाठ असेल, ती सोडून देतो.

खरा फरक तेलाचा. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असतं, म्हणजे जेरॅनिअल आणि नेरल या दोन वासाच्या द्रव्यांचं मिश्रण. लिंबाच्या सालीच्या तेलात हेच सिट्रल जेमतेम २ ते ५ टक्के, तरी लिंबाचा वास मुख्यतः त्याचाच. तुळशीत जोर युजेनॉलचा, लवंगेत असतं तेच. पान नुसतं चावलं तर जिभेला जरा झिणझिण्या येतात, ती त्याची करणी. काही झाडांत त्याच्या जागी मिथाइल युजेनॉल वरचढ असतं, म्हणून शेजारच्या तुळशीचा चहा आपल्यासारखा लागेलच असं नाही. तुळशीतल्या अर्सोलिक आम्लाचं नाव काही पाकिटांवर दिसतं, पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. कपात किती उतरतं देव जाणे. तुळशीतलंच दुसरं, रोझमॅरिनिक आम्ल, मात्र उतरतं. कॅफिन दोन्हींत नाही, त्यामुळे रात्री झोपेची काळजी नको.

घसा धरला की मी आजही तुळशीकडेच जातो. लवंगेच्या जातीची ती ऊब गवती चहात नाही, हे मान्य.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मला चहा लागतो दिवेलागणीला, आणि आमच्याकडे दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावायचा नाही. रविवारी नाही, द्वादशीला तर नाहीच. वृंदावनातली राहू दे म्हणून मी मागच्या दारी कुंडीत वेगळं रोप लावलं, खास चहासाठी. चार दिवसांत आईने त्याच्याही पुढे पणती ठेवली. ‘तुळस ती तुळस, कुंडीतली म्हणून काय झालं?’ यावर काय बोलणार! सकाळी तोडून ठेवावी तर संध्याकाळपर्यंत पानं काळवंडतात आणि चव निम्मी होते. तुमच्या घरी हे सोवळं नसेल तर माझा निम्मा मुद्दा इथेच बाद. उरलेला निम्मा पावसाचा: आषाढ-श्रावणात पाणी मुळाशी साचलं की तुळस रडतखडत जगते. नेमका सर्दीचा मोसम तोच.

गवती चहाला मुहूर्त लागत नाही. न्हाणीचं पाणी जातं तिथे एक गड्डा लावला की पावसात माजतो. त्रास एकच: पातीची कड धारदार असते. उलट्या बाजूने बोट फिरलं की चिरलंच. म्हणून ओढू नका, कात्रीने कापा. पात मुरगळून उकळत्या पाण्यात टाका, आच बंद करा आणि लगेच झाकण ठेवा. सिट्रल वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरभर वास सुटला म्हणजे तेवढा कपातला गेला. वाळवून ठेवण्यात मात्र फारसा अर्थ नाही. माझ्या बरणीतली पात थोड्याच दिवसांत नुसत्या गवताच्या वासाची होते. इथे तुळस सरस, सुकल्यावरही ती बराच दम धरते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तुळशीचा कडक काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. प्रयोगशाळेत युजेनॉल रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणताना दिसलं आहे.

गवती चहा लावायचा ठरलाच तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुळासकट फुटवा विचारा, पण घेण्याआधी पात चुरगळून हुंगा. लिंबाचा स्वच्छ वास आला तर घ्या. डास पळवायच्या मलमासारखा आला तर ते सिट्रोनेला, तसंच दिसणारं दुसरं गवत, त्याचा चहा करत नाहीत.