भर उन्हातला सोबती: कॅनन स्पीडलाइट ४३०ईएक्स थ्री-आरटी

मेणवलीच्या घाटावर भर दुपारी काढलेल्या छायाचित्रांत फेट्याच्या सावलीमुळे नवरदेवाचे डोळे पार गडप झाले होते. हा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवून त्याचा प्रकाश दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) उणे ठेवताच बुबुळांत बारीकशी चमक आली आणि तरीही उजेड उसना वाटला नाही. हायस्पीड सिंकमुळे, म्हणजे शटर नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान असतानाही फ्लॅश वापरण्याच्या सोयीमुळे, आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एफ/२.८ (लेन्सचे मोठे छिद्र) वर १/३२०० सेकंदाचे शटर वापरून मागची गर्दी धूसर करता येते, मात्र त्या वेळी फ्लॅशची ताकद इतकी घटते की दोन-अडीच मीटरपलीकडे त्याच्यावर फारसा भरवसा ठेवू नये. चार पेन्सिल सेल लागतात; ते रिचार्जेबलच घ्यावेत. उन्हात डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारे झाकण) लावण्याचा सोस मात्र टाळावा, कारण त्यात उरलासुरला प्रकाशही वाया जातो.