समासातल्या टिपा की दुहेरी वही?

ऱ्हेटोरिक-कंपोझिशनचे, म्हणजे लेखन आणि त्याचे अध्यापन अभ्यासणाऱ्या शाखेचे, लेख वाचताना टिपा छापील पानाच्या समासात काढाव्यात की वेगळ्या दुहेरी वहीत, हा प्रश्न नव्या संशोधकांना हमखास पडतो.

वेळेच्या बाबतीत समास जिंकतो. ग्रंथालयाच्या प्रतीत मात्र तो उपयोगाचा नाही.

दुहेरी वही या शाखेतल्या अभ्यासक अ‍ॅन बर्थॉफ यांनी रुजवली. तिच्या प्रचलित रूपात डाव्या पानावर उतारा, पृष्ठक्रमांकासह. उजवीकडे आपली शंका. वेळ जास्त लागतो, पण विचार इथेच घडतो. लिहिताना मनात काय घडते याचा आराखडा मांडणारा फ्लॉवर आणि हेज यांचा १९८१चा लेख घ्या. डावीकडे नियोजन, शब्दांकन, पुनरावलोकन या प्रक्रिया टिपा. उजवीकडे विचारा: लिहिणाऱ्याभोवतीचा समाज या आराखड्यात कुठे आहे? याच शाखेतल्या पॅट्रिशिया बिझेल यांचा त्यांच्यावरचा १९८२चा आक्षेप याच दिशेचा. तो वाचताना तुमचे उजवे पान आयते हाताशी असते. समासातली ‘महत्त्वाचे!’ ही खूण महिन्याभराने मुकी होते.

वही फसते ती उजवीकडेही सारांशच उतरल्यामुळे. म्हणून तिथले पहिले वाक्य ‘पण’ किंवा ‘का’ने सुरू करा, आणि तेही त्याच बैठकीत.

परीक्षेची लांबलचक वाचनयादी उरकायची असेल, तर समास पुरे. प्रबंधात ज्यांच्याशी वाद घालायचा आहे, त्या पाच-सहा लेखांना वहीच हवी.