बारावीनंतर कर्ज काढून पुणे, की रत्नागिरीतच पुढे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या राजापूर तालुक्यात पेढे वाटून होतात आणि आठवड्याभरात फीचे आकडे कानावर यायला लागतात. गेल्या वर्षी बहिणीच्या पडवीत बसून मी असाच हिशोब वहीत मांडला. भाच्याला सीईटीत बेताचे मार्क. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळत होती. दुसरा रस्ता रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमा झाला की पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला.

पुण्याचा खर्च आधी धरला. फी, होस्टेल, मेस, येणंजाणं मिळून चार वर्षांचे नऊ लाख. त्यातले तीन घरचे, सहा कर्जाचे. कोर्स चालू असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, म्हणून भावोजींना वाटलं तोवर व्याजही नसेल. व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी दीड लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर पाचव्या वर्षाअखेर नुसतं सरळव्याज दोन लाख दहा हजार. म्हणजे फेडायचे आठ लाख दहा हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण १०,७०० रुपये. पहिली नोकरी पंचवीस हजारांची लागली तर उरलेल्या चौदा हजारांत पुण्यातली खोली, डबा आणि घरी पाठवायचं काय? बहिणीने हप्त्याच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

रत्नागिरीला फी वर्षाला काही हजारांत. पण डिप्लोमाची दोन आणि पदवीची तीन अशी पाच वर्षं लागतात, म्हणजे एक वर्ष जास्त, आणि बरोबरचे मित्र पुढे गेलेले बघणं अठराव्या वर्षी सोपं नसतं. शिवाय पुढची जागा डिप्लोमाच्या टक्क्यांवर मिळते, त्यामुळे ही दोन वर्षं ढिलाई चालत नाही. मात्र डिप्लोमानंतर थांबावं लागलं तरी हातात कामाचं काहीतरी असतं. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या पोराकडे फक्त कर्ज उरतं.

पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय अशा नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला असता तर मी वही उघडलीच नसती, कर्ज काढून पाठवा म्हटलं असतं. मुलींचाही हिशोब निराळा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. मग राहण्याजेवण्याचाच खर्च उरतो. मुलीला जवळच्या कॉलेजात अडकवून मुलासाठी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ते मला पटत नाही.

घरची आंब्याकाजूची कलमं असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा विचार जरूर करा. १९७२ पासूनचं हे विद्यापीठ आहे. रत्ना आणि सिंधू हे आंबे, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ हे काजू त्याच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आले. आमच्या बागेत एका वर्षी तुडतुडा आला. दुकानदाराने हातात ठेवलं ते औषध मारलं. मोहोर चिकट झाला, पानांवर काजळी धरली आणि अर्धी बाग गेली. कीड ओळखणारं, मात्रा जाणणारं माणूस घरात असतं तर ते वर्ष वाचलं असतं. इथे पदवीचा पैसा बागेतूनच वसूल होतो, फक्त जागा सरकारी कॉलेजातली मिळायला हवी.

बीए, बीकॉम जवळच्या कॉलेजात करायला हरकत नाही. पोलीस भरतीला बारावी पुरते, पण एमपीएससी राज्यसेवेला पदवी लागते, आणि ती कोणत्याही शाखेची चालते. त्यासाठी मुंबईत खोली घेऊ नका. होडीवर किंवा दुकानात काम सुरू झालं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने तरी पुस्तक हातात घेता येतं.

भाच्याने रत्नागिरी घेतली. आता डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येतो, रविवारी बापाबरोबर काजूच्या बागेत रान काढतो. पुण्यासाठी ठेवलेले तीन लाख बहिणीने मुदत ठेवीत टाकलेत, पदवीच्या तीन वर्षांसाठी.