दवाखान्यातल्या स्वयंसेवकांसाठी गणवेश: जळगावचा एक शिवणारा

फुले मार्केटजवळच्या या दुकानात घाऊक ऑर्डरला रेडीमेडपेक्षा भाव बरा पडतो, पण कापड स्वतः बघूनच घ्या. ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटनचं टेरिकॉट सांगा. निव्वळ सुती कापड खान्देशच्या उन्हाळ्यात सुखाचं, पण आटतं आणि रोज इस्त्री मागतं. दुकानदार ‘पक्का रंग’ म्हणतो. तरी तुकडा घरी नेऊन त्यावर पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाका. थेंबाच्या जागी रंग उडून पांढरा डाग पडला, तर दुसरा ताका मागा.

बाह्या कोपराच्या वरच हव्यात, नाहीतर हात नीट धुता येत नाहीत. छातीवरचा खिसा नकोच: वाकलं की पेन थेट रुग्णावर. खालचे दोन पुरतात, मात्र कोपऱ्यांना बारटॅक, म्हणजे मजबुतीचे दाट टाके, मारून घ्या, तिथंच शिवण आधी उसवते. माणसं बदलत राहतात, म्हणून नावाऐवजी ‘स्वयंसेवक’ एवढंच, तेही भरतकामात. छपाई गरम इस्त्रीला चिकटते. नर्सच्या रंगाशी साम्य टाळा, नातेवाईक सलाइन बदलायला सांगतात.

शिलाई चांगली. वेळेचं मात्र विचारू नका, लग्नसराईत तर नाहीच.