सूटकेसमध्ये मावणारी डेलोरियन

'बॅक टू द फ्यूचर' या कालप्रवासावरच्या अमेरिकी चित्रपटमालेचा तिसरा भाग १९९० साली आला. त्याच्या शेवटी मालगाडीची धडक बसून कालयंत्र असलेल्या डेलोरियन गाडीचा चक्काचूर झाला, तरुण नायक मार्टी मॅकफ्लाय आपल्या काळात सुखरूप परतला, आणि त्या कालयंत्राचा संशोधक डॉक ब्राउन पत्नी क्लारा व ज्युल्स आणि व्हर्न या दोन मुलांना घेऊन कालप्रवासी आगगाडीतून निघून गेला. गोष्ट इतक्या समाधानाने संपलेली असताना अवघ्या वर्षभरात ती पुन्हा हाती घेतली गेली, आणि या वेळी रेखाटनांच्या रूपात. सप्टेंबर १९९१ पासून अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी 'बॅक टू द फ्यूचर' याच नावाची ॲनिमेशन मालिका दाखवली जाऊ लागली आणि दोन हंगामांत मिळून तिचे २६ भाग झाले. पहिल्या चित्रपटाला ३० वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, ती डीव्हीडीवर संपूर्ण स्वरूपात उपलब्ध झाली. हा संच मी गेल्या काही आठवड्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मूळचे तिन्ही चित्रपट मला जवळजवळ तोंडपाठ आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सारी तक्रार त्या जिव्हाळ्यातूनच आलेली आहे.

मूळ चित्रपटांत कालप्रवास ही अत्यंत अडचणीची गोष्ट आहे. गाडीने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला पाहिजे आणि त्याच क्षणी तिला १.२१ गिगावॉट वीज मिळाली पाहिजे. १९८५ मध्ये ही वीज प्लुटोनियमपासून मिळते. १९५५ मध्ये प्लुटोनियम हाती लागणे शक्य नसते, म्हणून १२ नोव्हेंबरच्या रात्री दहा वाजून चार मिनिटांनी न्यायालयाच्या घड्याळावर कोसळणाऱ्या आकाशातल्या विजेवर भिस्त ठेवावी लागते. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी गाडीला कचऱ्यावर चालणारे यंत्र बसवून लेखकांनी ही चिंता मिटवली खरी, परंतु तिसऱ्या भागात त्यांनी नवी अडचण उभी केलीच: १८८५ मध्ये गाडीची इंधननळी फुटते, त्या काळात पेट्रोल कुठेच मिळत नाही, आणि ८८ मैलांचा वेग गाठण्यासाठी गाडी रुळांवर चढवून तिला मागून वाफेच्या इंजिनाने ढकलावे लागते. प्रेक्षक हसतो तो या खटपटीला. एक अत्यंत हुशार म्हातारा आणि एक साधासुधा मुलगा मिळून अशक्य गोष्ट दोरी, वायर आणि धावपळ यांच्या बळावर घडवून आणतात, आणि दर वेळी ती शेवटच्या क्षणी फसता फसता वाचते.

ॲनिमेशन मालिकेतील डेलोरियन नव्याने बांधलेली आहे. ती तोंडी हुकूम ऐकते, काळाबरोबर स्थळही क्षणात बदलते आणि काम झाले की घडी होऊन सूटकेसमध्ये मावते. ही घडीची कल्पना मला प्रथम फार आवडली, कारण ती फक्त रेखाटनातच शक्य आहे आणि पाहताना लहान मुलासारखी गंमत वाटते. चार-पाच भाग पाहून झाल्यावर मात्र तिच्यापायी काय गमावले ते लक्षात आले. जी गाडी कुठेही आणि केव्हाही जाऊ शकते तिच्यासाठी धावपळ करावी लागत नाही, आणि धावपळ नसली की या दोघांच्या जोडीला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मग कथेला अडचणी बाहेरून आणाव्या लागतात: कुणी तरी पकडले जाते, कुणी तरी हरवते, कुणी तरी नको ते बटण दाबते. २६ भागांपैकी बरेचसे भाग याच तीन कारणांवर चालतात.

स्थळ बदलण्याची सोय तर त्याहून महाग पडली आहे. चित्रपटांतील जवळजवळ सर्व घडामोडी हिल व्हॅली या एकाच गावात घडतात. तोच चौक, तीच न्यायालयाची इमारत, आणि १८८५ मध्ये बसवले जाणारे, १९५५ मध्ये वीज पडून बंद होणारे तेच घड्याळ. गाव ओळखीचे झालेले असते, म्हणून त्यातला बारीकसा फरकही हशा पिकवतो. पहिल्या चित्रपटात मार्टी ज्या बाजारसंकुलातून निघतो त्याचे नाव 'ट्विन पाइन्स' (जुळे पाइन) असते. १९५५ मध्ये त्याच्या गाडीखाली एक पाइनचे रोप मोडते, आणि तो परत येतो तेव्हा फलकावर 'लोन पाइन' (एकटा पाइन) लिहिलेले दिसते. त्याबद्दल कुणीही एक शब्द बोलत नाही. असा विनोद काढायला चित्रकाराला काय लागते? फलकावरचे नाव बदलले की झाले. चित्रीकरणात प्रत्येक फलक आणि प्रत्येक दुकान खरोखर उभारावे लागते. रेखाटनात ते कागदावर होते. तरीही मालिकेने ही संधी फारशी घेतलेली नाही, कारण तिची पात्रे प्राचीन रोमला, चेटकिणींचे खटले चाललेल्या १६९२ च्या सालेमला आणि आणखी कुठे कुठे निघून जातात. तिथे आपल्याला आधीचे काही माहीत नसते, त्यामुळे बदललेले काही दिसतही नाही. उरतो तो वेशभूषेचा विनोद, आणि तो पटकन विटतो.

या नियमाला सुंदर अपवाद ठरतो तो डायनासोरांचा भाग. ज्या आघाताने डायनासोर नाहीसे झाले तोच आघात डॉकच्या हातून टळतो, आणि सगळे परत येतात तेव्हा हिल व्हॅलीत माणसांच्या जागी डायनासोर नांदत असतात. भूतकाळात एक चूक करायची आणि तिचे फळ आपल्याच गावात परतून भोगायचे, हा दुसऱ्या चित्रपटाचा गाभा आहे, आणि इथे तो अशा प्रमाणावर मांडला आहे की त्या काळात कोणत्याही चित्रीकरणाला तो परवडला नसता. १७५२ मध्ये जाऊन बेंजामिन फ्रँकलिनच्या विजेच्या शोधात व्हर्न अडथळा आणतो, त्या भागातही हीच युक्ती आहे आणि तिथेही ती चालते. ॲनिमेशन कशासाठी निवडावे याचे उत्तर मला या भागांत मिळाले. १९७३ साली 'स्टार ट्रेक' या अंतराळकथेची ॲनिमेशन मालिका आली तेव्हा तिच्या निर्मात्यांना हे पक्के ठाऊक होते; तीन हातांचा नाविक अधिकारी त्यांनी नेहमीच्या कर्मचाऱ्यांत सहज बसवला, आणि बहुतेक मूळ नटांचे आवाज कायम ठेवून बाकीची ओळख जपली.

आवाजांच्या बाबतीत 'बॅक टू द फ्यूचर'ची निवड संमिश्र आहे. चित्रपटांतील मूळ नटांपैकी मेरी स्टीनबर्जन यांनी क्लाराला आणि थॉमस विल्सन यांनी खलनायक बिफ टॅननला स्वतःचाच आवाज दिला आहे, आणि बिफ बोलू लागला की मालिकेत एकदम जान येते. तो दांडगट, बावळट गुरगुराट दुसऱ्या कुणाला जमला नसता. मार्टीसाठी चित्रपटांतले मायकेल जे. फॉक्स नाहीत, डेव्हिड कॉफमन आहेत, आणि ते नेटके काम करतात. डॉकचा आवाज डॅन कॅस्टेलानेटा यांचा आहे, जे 'द सिम्प्सन्स' या ॲनिमेशन मालिकेतील होमर सिम्प्सनचा आवाज म्हणून जगभर परिचित आहेत. आवाज म्हणून त्यांचा डॉक चांगलाच आहे. अडचण आवाजाची नाहीच, ती शरीराची आहे.

घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसंग आठवून पाहा. झाडाची फांदी पडून आकाशातली वीज गाडीपर्यंत नेणारी वायर सुटलेली असते, डॉक घड्याळाच्या काट्याला लोंबकळत असतो, आणि तिकडे मार्टीची गाडी ऐन वेळी चालू होत नाही. तो किल्ली फिरवून फिरवून हताश होतो आणि कपाळ स्टिअरिंगवर आपटतो. गाडी चालू होते. फॉक्स यांच्या चेहऱ्यावर त्या एका क्षणात वैताग, अविश्वास आणि घाई एकामागोमाग एक येऊन जातात, आणि आपण हसतो ते कपाळ आपटण्याला जितके, तितकेच त्या चेहऱ्याला. शनिवार सकाळच्या मालिकेत चेहऱ्यावर इतके काम करायला ना वेळ असतो ना पैसा. डोळे विस्फारतात, तोंड उघडते, पात्र धावत सुटते, आणि आश्चर्य असो, भीती असो की आनंद, प्रत्येक भावनेला साधारण तीच तीन चित्रे वापरलेली दिसतात. मूळ विनोद नटांच्या अंगात मुरलेला असेल, तर आवाज आणि वेशभूषा उचलून आणल्याने तो सोबत येत नाही. त्याच्या जागी चित्रकाराला स्वतःचा असा नवा विनोद घडवावा लागतो.

निर्मात्यांनाही हे जाणवले असावे असे मला वाटते, कारण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांनी चित्रपटांत डॉक साकारणाऱ्या खुद्द क्रिस्टोफर लॉइड यांना डॉकच्या वेषात कॅमेऱ्यासमोर उभे केले आहे. पांढरे विस्कटलेले केस, पुढे झुकलेली मान, हवेत काही तरी पकडू पाहणारे हात. ते जेमतेम काही मिनिटे बोलतात आणि तेवढ्यात खोली भरून जाते. शेवटच्या तुकड्यात त्या भागाच्या कथेशी जुळणारा एक विज्ञानप्रयोग असतो. तो बिल नाय करून दाखवतात आणि एक शब्दही बोलत नाहीत, बोलणे सगळे डॉकचे. पुढे १९९३ पासून नाय यांनी स्वतःच्या कार्यक्रमातून मुलांना विज्ञान शिकवले, पण त्यांची निःशब्द, नेमकी, किंचित लगबगीची हालचाल इथेच तयार झालेली दिसते. प्रयोग असे सोपे आणि स्पष्ट आहेत की पाहणाऱ्या मुलाला लगेच उठून करून पाहावेसे वाटावे. माझ्या मते संपूर्ण संचातील सर्वांत जपून ठेवण्याजोगा ऐवज हाच आहे, आणि ॲनिमेशन मालिकेत तो रेखाटलेला नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

रेखाटलेल्या भागांत मनात घर करून राहिला तो पहिलाच भाग. ज्युल्सच्या चिडवण्याला कंटाळून व्हर्न अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात पळून जातो, ज्युल्स त्याच्या मागोमाग जातो, आणि हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या सैन्यांत सापडतात. इथे गाडी किती सहज चालते याला महत्त्व राहत नाही, कारण अडचण घरातली आहे. मार्टीने १९५५ मध्ये आपल्या आईवडिलांना तरुण वयात पाहिले तेव्हाही असेच होते: काळाचा सगळा पसारा आपल्याच माणसांकडे नव्याने पाहण्यासाठी मांडलेला होता. मालिकेने आईवडील बाजूला ठेवून भावंडे घेतली, हा निर्णय मुलांसाठी अगदी योग्य होता, आणि तो पुढच्या भागांतही तितक्याच निष्ठेने पाळला असता तर माझी निम्मी तक्रार उरली नसती.

संच घेणाऱ्यांनी तो चित्रपट संपवून लगेच लावू नये. मधे काही दिवस जाऊ द्यावेत. सुरुवात यादवी युद्धाच्या भागाने करावी, मग डायनासोरांचा आणि फ्रँकलिनचा भाग पाहावा, आणि बाकीचे भाग घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर त्याच्यासोबत पाहावेत. लॉइड आणि नाय यांचे तुकडे मात्र एकही न वगळता, सव्वीसच्या सव्वीस पाहावेत.