स्विफ्टसाठी बाजारातली फ्लिप चावी: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. अडीच हजारांच्या आसपास बनवून घेतलेली ही चावी रोजच्या वापरात टिकली आहे आणि गाडीने चावीतली चिप ओळखली नाही असं एकदाही झालेलं नाही. कुरकूर आहे ती बहुतेक धातूची आणि प्लास्टिकची. पातं किंचित हलायला लागलं, एका बटणाचं रबर सैल पडलं, पातं बाहेर फेकणारी स्प्रिंग मंदावली. लोक ज्याला घाबरतात ते इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत आणि दुकानात ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही ते पातं आणि कव्हर कच्चं, असा सगळा मामला आहे.

गाडी पेट्रोल स्विफ्ट, पुश बटण नसलेली, मूळ दोन बटणांची रिमोट चावी. मूळ चावीचं पातं घडी होत नाही. बाजारात मिळते ती घडीची, म्हणजे फ्लिप.

चावीवाल्याकडे जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. या एका चावीत एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन वस्तू असतात. पातं कुलूप फिरवतं. रिमोट दारं उघडतो, तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्याला सेल लागतो. तिसरी वस्तू म्हणजे चिप. तिला सेल लागत नाही. स्टिअरिंगच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं, ते १२५ किलोहर्ट्झवर चिपला वीज पुरवतं आणि त्याच वेळी तिचा नंबर वाचतं. मारुती या व्यवस्थेला आयकॅट्स म्हणते. म्हणून रिमोटचा सेल मेला तरी गाडी सुरू होते. उलट रिमोटने दारं झकास उघडतात, सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असं झालं तर दोष चिपकडे शोधायचा. ‘चावी चालत नाही’ एवढंच सांगितलं तर दुकानदार त्याला सोयीचं दुरुस्त करून देईल, तेव्हा तिन्हींपैकी काय चालत नाही ते सांगा.

आता क्लोन करायचं का प्रोग्रॅमिंग, ते बघू. क्लोनमध्ये तुमच्या चिपची हुबेहूब नक्कल होते. गाडीच्या लेखी ती जुनीच चावी, गाडीत काही नोंदवायची गरजच पडत नाही. काम काही मिनिटांत होतं. मारुतीच्या बऱ्याच चाव्यांत ४६ नंबरची चिप असते, म्हणजे हिटॅग २. तिची गुप्त किल्ली फक्त ४८ बिटांची आहे आणि ती किती लवकर फोडता येते हे युरोपातल्या संशोधकांनी २०१२ साली जाहीर दाखवून दिलं. स्वस्त क्लोनिंग मशिनं गल्लोगल्ली दिसतात ती या कच्चेपणाच्या जिवावर. नंतरच्या काही मॉडेलांत ४७ नंबरची, हिटॅग ३ चिप येते. आपली कोणती ते गाडीच्या वर्षावरून ठरवू नका, चावी रीडरवर ठेवली की पाच सेकंदांत नंबर दिसतो.

प्रोग्रॅमिंगमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला मशिन जोडून नवी चिप स्वतंत्र चावी म्हणून नोंदवतात. पाच-सातशे रुपये जास्त जातात, पण पुढे एखादी चावी हरवली तर तेवढीच बाद करता येते. क्लोनमध्ये मूळ आणि नक्कल यांचा नंबर एकच, त्यामुळे एक बाद करायला गेलात की दोन्ही जातात. घरात दोघं-तिघं गाडी चालवत असतील तर प्रोग्रॅमिंगच करून घ्या. क्लोन कपाटात ठेवायच्या चावीला पुरे.

भाव साधारण असे आहेत. गावागणिक आणि घासाघीस करायच्या तयारीवर फरक पडेल. चिप नसलेली, नुसती दार उघडणारी चावी शे-तीनशे रुपये. चिप आहे पण रिमोट नाही, हजार ते दीड हजार. चिपसह फ्लिप रिमोट, दोन ते साडेतीन हजार. पुश बटणवाल्या गाडीची स्मार्ट की पाच हजारांपासून पुढे. आणि हातात एकही चावी शिल्लक नसेल तर यातल्या प्रत्येक आकड्याच्या दुप्पट धरून चाला, कारण आधी कुलूप वाचून पातं काढावं लागतं, गाडी जागेवरून हलत नाही म्हणून माणूस घरी येतो आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा, म्हणजे चिप पटल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा डबा खोलून मेमरी वाचावी लागते. दुसरी चावी करायची असेल तर पहिली हातात असताना करा.

कटिंगकडे मात्र उभं राहून बघा. बहुतेक दुकानांत जुनी चावी एका चिमट्यात, कोरी दुसऱ्यात आणि जुनीवरून नक्कल. जुनी चावी आठ-दहा वर्षं झिजलेली असते, ती झीज जशीच्या तशी नव्यात उतरते, वर मशिनची स्वतःची चूक. खाचेच्या खोलीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकसुद्धा कुलपाला जाणवतो. चावी आत जाते, फिरताना अडते, थोडी मागे ओढली की फिरते, ही त्याची खूण. त्यावर उपाय म्हणजे नंबरवरून कटिंग. नव्या गाडीबरोबर चावीच्या जुडग्यात एक छोटी पट्टी येते, तिच्यावर चावीचा नंबर असतो. कॉम्प्युटर मशिन असलेल्या दुकानात तो नंबर घातला की पातं कारखान्याच्या मापाने निघतं. पट्टी नसेल तर दोन चाव्यांपैकी कमी वापरलेली न्या. कोऱ्या पात्यातही फरक असतो. निकेल चढवलेलं पितळ चांगलं. हलकं, जस्ताच्या मिश्रणाचं पातं खाचेपाशी तुटतं आणि तुकडा कुलपात अडकला तर चावीच्या दहापट खर्च. कापल्यावर कडांना राहिलेली कूस ब्रशने काढून घ्या, नाहीतर तो भुगा कुलपात जातो. कुलपात ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडं वंगण चालतं. तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून पिना चिकटतात.

प्रोग्रॅमिंग चालू असताना गाडीची बॅटरी धडधाकट हवी. इग्निशन ऑन ठेवून काम चालतं, एसी, दिवे, टेप बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर नोंदणी अर्धवट राहते आणि कधी कधी जुनी चावीही बाद होऊन बसते. म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. मशिनच्या पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांचा आकडा दिसत असेल तर तो आधी आणि नंतर, दोनदा बघा. दोन चाव्यांच्या गाडीत आधीच तीन दिसल्या तर एक कुणाकडे तरी आहे.

पैसे देण्याआधीची तपासणी अशी करा. आधी काच खाली घ्या, चावी आत अडकायला नको. मूळ चावी जुडग्यातून सोडवून गाडीबाहेर दुसऱ्याच्या हातात द्या. हे फार महत्त्वाचं, कारण मूळ चावी त्याच जुडग्यात लटकत असेल तर कडं तिचीच चिप वाचू शकतं, गाडी सुरू होते, सगळे खूश आणि नवीची परीक्षा झालेलीच नसते. आता नव्या चावीने गाडी सुरू करा, निदान अर्धा मिनिट चालू द्या. काही गाड्या चिप न पटल्यास सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात. असं पाच-सहा वेळा करा. मग पात्याने ड्रायव्हरचं दार आणि कुलूप असेल तर डिकी, दोन्ही उघडून-लावून बघा. रिमोट दहा पावलांवरून दाबा. शेवटी मूळ चावीने गाडी पुन्हा सुरू करा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि मूळ चावी बाद झाल्याचं महिन्याभराने कळतं.

आणि एक, दोन चिपवाल्या चाव्या एकाच रिंगमध्ये ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी उत्तर देतात, गाडीला एकही नीट ऐकू येत नाही आणि ‘नवी चावी कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात परत येतो.

आता वापरातलं. रिमोटची पोच मूळपेक्षा कमी आहे, साधारण निम्मी. मूळने पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून दार उघडायचं, हिला चार-पाच गाड्या जवळ जावं लागतं. रोजच्या कामाला अडत नाही. सेल दुकानातून आलेला होता तो लवकर उतरला, नवा चांगल्या कंपनीचा टाकल्यावर तक्रार नाही. सेल विकत घेताना जुन्यावरचा नंबर बघूनच घ्या. सीआर २०३२, २०२५, २०१६ या तिघांचा व्यास सारखा आणि जाडी वेगळी आहे. पातळ सेल मोठ्या खाचेत बसतो, पण खडखडतो आणि खड्ड्यातून गेलं की रिमोट मरतो.

पातं हलायला लागलं ते त्याला धरणाऱ्या बारीक नळीसारख्या पिनेमुळे. ही पीन स्प्रिंग स्टीलची हवी, मऊ धातूची असेल तर झिजून सैल होते. नवी पीन पाच-दहा रुपयांची. जुनी ठोकून काढायला तेवढ्याच जाडीचा पंच लागतो, खिळ्याने ठोकलीत तर कव्हर फुटतं. स्प्रिंगचं म्हणाल तर कव्हर उघडताना ती सुटून उडते, म्हणून पिशवीत हात घालून उघडा. परत बसवताना बटणाला एक-दीड वेढा ताण देऊन मगच पातं अडकवायचं, नाहीतर पातं अर्ध्यावर थांबतं.

पावसाळ्यात बटण एकदा अडकलं होतं. बाजारातल्या कव्हरांना रबरी गॅस्केट नावापुरतं असतं. सेल लगेच काढा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा आणि पंख्याखाली वाळवा. बटण दाबल्यावर ‘टक’ जाणवत नसेल तर बोर्डावरचा स्विच गेला, मोबाइल दुरुस्तीवाला पन्नास-शंभर रुपयांत बदलतो.

नुसतं कव्हर तुटलं असेल तर नवी चावी घेऊच नका. कव्हर दोन-चारशे रुपयांत मिळतं, आतला बोर्ड आणि चिप काढून त्यात बसवायची. इथे एकच घोटाळा होतो. अनेक चाव्यांत चिप बोर्डावर नसते, काळ्या चौकोनी खड्यासारखी कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. बोर्ड हलवला, जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं आणि गाडी सुरू होत नाही. चिप नव्या कव्हरात घट्ट बसवा, पात्याच्या बाजूच्या खाचेत. लांब किंवा सैल बसली तर कड्याला नीट वाचता येत नाही. काचेची चिप असेल तर पक्कडीने दाबू नका, तडकते.

ऑनलाइन कोरी चावी मागवणार असाल तर पात्याचा नमुना, बटणांची संख्या आणि फ्रिक्वेन्सी तिन्ही जुळवा. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायची युक्ती बहुधा फसते. अमेरिकेतल्या टोयोटाच्या बऱ्याच चाव्या ३१५ आणि होंडाच्या ३१३.८ मेगाहर्ट्झवर चालतात, इथल्या गाड्या ४३३ वर. वापरलेली स्मार्ट कीसुद्धा घेऊ नका, कित्येक कंपन्यांची चावी एकदा एका गाडीला जोडली की कुलूपबंद होते आणि सहजी दुसरीला लागत नाही. ह्युंदाईच्या गाडीला नोंदणीसाठी सहा आकडी पिन लागतो, तो आधी मिळतोय का ते विचारा, मगच चावी विकत घ्या.

शोरूमची चावी वाईट नाही. पातं आणि कव्हर निर्विवाद सरस. आरसी, ओळखपत्र आणि चावीचा नंबर द्यावा लागतो, हरवली असेल तर पोलिसांकडची तक्रारही मागतात. पुणे-मुंबईत ती हरवलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन नोंदीतून घरबसल्या मिळते. मागवलेली चावी यायला आठवडा ते तीन आठवडे धरा. स्मार्ट कीच्या गाडीला आणि वॉरंटीतल्या गाडीला माझं मत शोरूमकडेच. साध्या चिपच्या जुन्या गाडीला एवढा खर्च पटत नाही.

चावीवाला निवडताना त्याने आरसी मागितली तर चिडू नका, न मागणाऱ्याकडे जाऊ नका. चावी डोळ्यांसमोरच कापून घ्या. नंबरची पट्टी जुडग्यात न ठेवता घरी ठेवा आणि चावीचा फोटो विक्रीच्या जाहिरातीत टाकू नका, खाचा फोटोवरून मोजता येतात.

सेकंड हँड गाडी एकाच चावीसह मिळाली असेल तर नवी चावी जोडतानाच आधीच्या सगळ्या नोंदी पुसून हातातल्या दोनच नव्याने नोंदवायला सांगा. हातात नसलेल्या जुन्या चावीच्या पात्याने दारं मात्र उघडत राहतील, पण तिने गाडी सुरू होणार नाही. आणि मूळ चाव्या कितीही खराब झाल्या तरी फेकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याबरोबर दोन्ही मूळ चाव्या मागते. रोज बाजारातली वापरा, कंपनीच्या दोन्ही चाव्या कपाटात राहू द्या. विमा पॉलिसीत चावी बदलण्याचं ॲड-ऑन असेल तर त्याची वर्षाची मर्यादा आणि तक्रारीची अट चावीवाल्याकडे जायच्या आधी वाचा, कारण बाजारातल्या कच्च्या पावतीवर ते पैसे मिळत नाहीत.