१४४ हर्ट्झच्या लॅपटॉपवर स्कुबाच्या क्लिप

दिवाळीच्या गर्दीआधी लॅपटॉप घेतला तो भाच्याच्या शब्दावर. "मामा, होच घे, १४४ हर्ट्झचो आसा." म्हणजे स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करते. माझं काम मालवण-तारकर्लीला स्कुबा करणाऱ्या पर्यटकांच्या क्लिप एडिट करून, त्यांची परतीची गाडी सुटायच्या आत मोबाइलवर पाठवायचं.

चांगलं आधी सांगतो. ६० हर्ट्झला दोन चित्रांमध्ये जवळजवळ १७ मिलिसेकंद जातात, १४४ ला ७. टाइमलाइन ओढली की चित्र हाताबरोबर येतं, डोळ्यांना बरं वाटतं. मुद्दाम आठवडाभर ६० वर काम केलं. पहिले दोन दिवस खटकलं, तिसऱ्या दिवशी विसरूनही गेलो.

व्हिडिओला मात्र काडीचा उपयोग नाही. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम टिपतो, ६१ वी फ्रेम स्क्रीन कुठून आणणार? उलट १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. मग काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि माशांचा थवा सावकाश सरकताना बारीक हिसका बसतो. १२० असता तर प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा आली असती. शेवटची तपासणी मी ६० लावूनच करतो.

खरा घोळ रंगांचा. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, काही मीटर खालीच चेहरे निळे-हिरवे पडतात. तो लाल परत आणणं हेच माझं कसब. या स्क्रीनवर लाल मुळातच फिका, म्हणून मी वाढवत गेलो. कोल्हापूरच्या एका कुटुंबाचा फोन आला, "दादा, आमचे चेहरे भाजल्यासारखे का दिसतायत?" बारा क्लिप रात्री बसून पुन्हा केल्या. मग स्पेसिफिकेशन नीट वाचलं: ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं जुनं टीव्हीचं माप), म्हणजे एसआरजीबीतले (इंटरनेटवर नेहमी वापरतात तो रंगांचा संच) जेमतेम ६०-६५ टक्के रंग. ब्राइटनेस २५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक), दुपारी पडवीत बसलं तर क्लिपपेक्षा माडांची सावलीच जास्त दिसते. खोक्यावर १४४ ठळक छापलंय, या दोन आकड्यांचा पत्ता नाही. याचा मला मनापासून राग आहे.

लाइट गेली की ६० वर माझी बॅटरी पाऊण तास जास्त चालते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं गेलं की बदलता येतं.

भाच्यासारखं वेगवान गेम खेळणाऱ्याने १४४ जरूर घ्यावा, ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम देत असेल तर. फोटो-व्हिडिओवाल्यांनी दुकानात आधी १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० च्या वर निट्स आहेत का ते विचारावं. तेवढ्याच पैशांत १२० हर्ट्झ मिळत असेल तर खुशाल घ्यावा. मी आता ६० हर्ट्झचाच, पण रंग खरे दाखवणारा मॉनिटर जोडलाय. चेहऱ्यांचा लाल त्याच्यावर बघून ठरवतो.